कडेचं हाड

डॉक्टर बिराजदारांनी टेबलावर हिरवा रुमाल अंथरला
आणि एकेक वस्तू मांडत गेले,
उदगीरच्या बाजारात कासार बांगड्या मांडतो तसे,
घाई न करता.
बाहेर औसा रोडवर कुणाचा तरी टेम्पो
मागे येताना तीच ती धून वाजवत होता.

हैदराबादला बसवलेली सिलिकॉनची हनुवटी
सहा वर्षांनी पिकली, काढावी लागली.
खालचं हाड झिजून खळगा झालेला.
एक्स-रेत दिसतो तो,
उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखा.
केबलवर सातच्या बातम्या वाचायचे मी.
"साइडनं तुझा चेहरा लवकर संपतो गं,"
कॅमेरामन सहज म्हणाला होता, वायर गुंडाळताना.
एवढ्या वाक्यावर मी दीड लाख भरले.

पहिली कुपी. आत जाडसर रवा.
"हे बैलाचं. धुऊन, भाजून
नुसता सांगाडा ठेवलेला."
अण्णा इतका वेळ गप्प होते.
एकतीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर.
पुढे वाकले. "कोणत्या जातीचा हो?"
परदेशी असतो, डॉक्टर म्हणाले.
"मग देवणी न्हाई,"
आणि कुपी होती तिथे ठेवली.

दुसऱ्या कुपीत पोवळं.
समुद्रातलं, हाडासारखंच भोकाभोकांचं.
मला हसू आलं, टाके ताणले.
मंगळासाठी आईनं बोटात घातलं होतं माझ्या,
सव्वापाच रत्ती, नांदेडहून आणलेलं.
मंगळ हलला नाही, लग्न जमलं नाही.
आता तेच जबड्यात बसवायचं म्हणजे
त्याला अगदीच घरात घेतल्यासारखं.

मग एक बंद पाकीट.
कुणीतरी दान केलेलं हाड.
तपासलेलं असतं, नाव नसतं.
अण्णांनी हात मागे घेतला.
त्र्याण्णव साली गुरांना मलमपट्टी करायला
ते किल्लारीला गेले होते,
पंधरा दिवसांनी आले आणि फक्त गुरांबद्दल बोलले.
अजूनही गुरांबद्दलच बोलतात.
मी त्या पाकिटाला नमस्कार केला.
कामून केला, माहीत नाही.

रुमालाचा एक कोपरा रिकामाच होता.
डॉक्टरांनी माझ्या उजव्या कमरेकडे बोट केलं.
"हे तुमचं स्वतःचं. सगळ्यात चांगलं रुजतं.
पण जखमा दोन होतील, महिनाभर लंगडाल,
आणि बसवल्यावर त्यातलं थोडं विरून जाईल.
किती, ते आज मी सांगू शकत नाही."

मी तिथे हात नेला.
ज्या वर्षी टँकर यायचे तेव्हा घागर टेकायची ती जागा.
आता भाची बसते.
कुणी फोटो मागितला नाही तिचा कधी,
कुणी बाजूनं पाहिली नाही.
इतकी वर्षं सगळं वजन हिच्यावर
आणि पैसे मी वर खर्चले.

"आकार कोणता देऊ?" डॉक्टरांनी विचारलं.
"हैदराबादचा, की आधीचा?"
आधीचा फोटो घरात एकच उरलाय,
दहावीच्या हॉल तिकिटावरचा. तो काढून दिला.
शाळेचा जांभळा शिक्का
नेमका हनुवटीवर बसलेला.
चष्मा वर सरकवून ते बघत राहिले.
"इथे तर काहीच दिसत नाही."

मी अण्णांकडे बघितलं.
ते खिडकीशी जाऊन उभे होते,
टेम्पोवाल्याला मनात शिव्या देत बहुतेक,
आणि उजेडात त्यांचा चेहरा बाजूनं,
ओठांखाली लगेच गळ्यात उतरणारा,
लवकर संपणारा.
"हं," डॉक्टर म्हणाले,
आणि खिशातून पेन्सिल काढली.
अण्णांना पत्ताच नव्हता.

मी सही केली. लंगडणं दिसेल का, विचारलं.
मग आठवलं, बातम्या बसून वाचतात.
अण्णांनी एवढंच विचारलं,
"भाकरी कवापासून खाता येईल तिला?"

बाहेर वहिनी बाकावर पेंगत होती.
भाची झेपावली.
मी तिला डाव्या कडेवर घेतलं.
उजवी सोमवारी द्यायची होती.